टॅपेट कव्हरमधून ऑइल गळतंय: पॅकिंग बदलण्याआधी काय काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा वर्षं वापरलेली, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी नुकतीच घेतली. सिग्नलला थांबलं की जळक्या ऑइलचा वास येतो, हजार किलोमीटरला डिपस्टिकवर ऑइल थोडं खाली गेलेलं दिसतं आणि इंजिनाची मागची बाजू ओली असते. एक मेकॅनिक म्हणाला टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलंय. दुसरा म्हणाला मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तिसऱ्याने कव्हरचे बोल्ट आवळून दिले आणि दोन आठवड्यांत गळती वाढली. आता कोणाचं ऐकायचं?

आधी तिसऱ्याचं निस्तरतो, कारण त्याने केलं ते जवळजवळ सगळेच करतात. गळतंय म्हणजे सैल असणार, मग आवळा. पण बऱ्याच इंजिनांत या बोल्टांना खांदा असतो. तो खांदा हेडवर (कव्हर ज्यावर बसतं त्या भागावर) टेकला की पुढे कितीही जोर लावा, पॅकिंग तसूभरही जास्त दाबलं जात नाही. फक्त अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे ताणले जातात. जिथे खांदा नसतो तिथे बोल्टाजवळ कव्हर दबतं आणि दोन बोल्टांच्या मधे उचललं जातं, म्हणजे जिथून आधी नुसतं पाझरत होतं तिथे आता फट पडते. मुळात अडचण रबराची आहे. दहा-बारा वर्षं उष्णता खाऊन ते कडक होतं, खोबणीत जसं दाबलेलं असतं त्याच चपट्या आकारात बसतं आणि परत फुगत नाही. जुनं पॅकिंग काढून बोटांत वाकवून बघा, वाळक्या काडीसारखं कडकन मोडतं. त्याला आवळून जीव येत नाही.

आता पहिल्या दोघांतला वाद. तो इंजिन धुतल्याशिवाय सुटणार नाही. ओल्या, मळकट इंजिनाकडे बघून गळती सांगणारा अंदाज करतोय, मग तो कितीही अनुभवी असो. इंजिन पूर्ण गार असताना अल्टरनेटर, कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकने झाका, डिग्रीजर मारा, ब्रशने घासा आणि हलक्या पाण्याने धुवा. प्रेशरचा फवारा कनेक्टरवर मारू नका. गळती शोधायला जायचं आणि मिसफायर (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) घेऊन परत यायचं, असं होतं. कोरडं झाल्यावर गाडी वीस-तीस किलोमीटर चालवा आणि लगेच टॉर्च घेऊन बघा.

बघताना एक लक्षात ठेवायचं: ऑइल खाली उतरतं आणि गाडी चालत असताना वाऱ्याने मागे फेकलं जातं. त्यामुळे थेंब जिथे लोंबतोय ते गळतीचं ठिकाण जवळजवळ कधीच नसतं. थेंबापासून वर चढत जा. सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा सापडली की तिच्या आसपास गुन्हेगार असतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला डोकं घालता येत नाही. तिथे पूर्वी आम्ही दाताच्या डॉक्टरांसारखा छोटा आरसा वापरायचो, आता मोबाइल खाली सोडून फ्लॅश चालू ठेवून व्हिडिओ काढतो. कव्हर आणि हेड जिथे मिळतात ती रेघ संपूर्ण दिसली पाहिजे. तरी समजलं नाही तर संशयाच्या जागेवर टाल्कम पावडर पातळ भुरभुरवा आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटं आयडलला ठेवा, पांढऱ्यावर काळी वाट उमटते. बेल्ट आणि पंख्यापासून हात आणि बाह्या लांब. अजून पक्कं हवं असेल तर ऑइलमध्ये घालायचा यूव्ही डाय मिळतो. तो घालून थोडं फिरवून आणायचं आणि यूव्ही टॉर्चखाली पिवळा चष्मा लावून बघायचं. गळतीची जागा पोपटी चमकते.

दुसऱ्या मेकॅनिकला मी हसणार नाही, कारण त्याची चूक मी स्वतः केली आहे. धंद्यात नवा होतो. बेलहाउसिंगच्या (इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) खालच्या भोकातून थेंब लोंबत होता, मी क्षणाचाही विचार न करता मागचं सील सांगितलं. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, सगळं चढवलं. दहा दिवसांनी गाडी परत आली, तोच थेंब, त्याच जागी. तेव्हा कुठे हेडच्या मागे फायरवॉलच्या फटीत हात घातला. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि ते काळं, गरम, ओलं होऊन बाहेर आलं. त्या इंजिनाच्या हेडला कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी अर्धचंद्रासारखा रबरी बूच होता, तो आकसला होता. तिथून ऑइल हेडच्या पाठीवरून सरळ बेलहाउसिंगच्या सांध्यात उतरत होतं. दुसऱ्या कामाचे पैसे घेतले नाहीत. पहिल्या कामाचे घेतले होते, ते आजही टोचतं. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: वरचा मागचा कोपरा कोरडा असल्याचं बोटाने तपासल्याशिवाय गिअरबॉक्सच्या बोल्टाला पान्हा लावायचा नाही.

ज्यांच्यामुळे टॅपेट कव्हरवर खोटा आळ येतो असे इतरही आहेत. ऑइल भरायच्या झाकणाचं रबर, कॅम सेन्सरची ओ-रिंग, व्हॉल्व्ह टायमिंगच्या सोलेनॉइडची ओ-रिंग, हेडच्या टोकाला बसवलेला व्हॅक्यूम पंप, कॅमचं पुढचं सील, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टरच्या हाउसिंगचं पॅकिंग. शेवटच्या दोघांचा टॅपेट कव्हरपेक्षा एक फरक आहे आणि तो कामाला येतो. तिथे पंपाच्या दाबाखालचं ऑइल असतं, त्यामुळे गळती जोरात होते आणि इंजिन चालू असतानाच वाढताना दिसते. टॅपेट कव्हरखाली दाबाचं ऑइल नसतं. कॅमवरून उडालेले शिंतोडे आणि आतल्या वायूचा थोडा रेटा, इतकंच. म्हणून ती गळती संथ असते, घामासारखी. तुमच्या गाडीचं ऑइल हजार किलोमीटरला थोडंसंच उतरतंय, ते या संथपणाशी जुळतं. पण तेवढ्याच अंतरात अर्धा-एक लिटर उडत असेल आणि बाहेरून नुसती ओल असेल, तर बाकीचं ऑइल इंजिन पितंय. सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा उतारावरून येऊन परत अॅक्सिलरेटर दिल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का बघा. तो व्हॉल्व्ह स्टेम सीलचा किंवा रिंगांचा मामला, वरच्या पॅकिंगचा नाही.

स्पार्क प्लगवरची कॉइल काढून प्लगच्या विहिरीतही डोकवा. बऱ्याच ट्विन कॅम इंजिनांत प्लग कव्हरच्या मधोमध नळ्यांत खोल बसलेले असतात आणि त्या नळ्यांची वेगळी गोल सीलं असतात. ती गेली की ऑइल बाहेर न येता विहिरीत साठतं. बाहेरून इंजिन कोरडं आणि आत कॉइलचं रबरी बूट ऑइलमध्ये बुडालेलं. ते रबर फुगतं, मऊ पडतं, ठिणगी बाजूने पळते आणि गाडी झटके खायला लागते. मग स्कॅनरला पी ०३०१ ते पी ०३०४ पैकी मिसफायरचा कोड येतो आणि लोक कॉइलवर कॉइल बदलत बसतात. विहिरीत ऑइल असेल तर प्लग खोलण्याआधी ते सिरिंज आणि नळीने ओढून घ्या, उरलेलं काठीला कापड गुंडाळून टिपा. नाहीतर प्लग सुटताक्षणी सगळं सिलिंडरमध्ये. थोडं गेलं तर धूर काढून जळून जातं, पण त्यासोबत विहिरीतली मातीही आत जाते, ती जळत नाही.

आता मुद्द्याचं. पॅकिंग का गेलं? वयाने गेलं असेल तर नवीन घातलं की प्रश्न मिटला. पण दाबाने गेलं असेल तर नवीनही जाईल, आणि त्याच्यासोबत कॅमचं सील, क्रँकचं सील, जे कमजोर असेल ते. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) निसटतोच, नव्या इंजिनातही. तो बाहेर ओढून परत इनटेकमध्ये (इंजिनाच्या हवा घेण्याच्या वाटेत) जाळायला पाठवण्याचं काम पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याचे पाइप करतात. छोट्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत इंजिन नीट तापत नाही, आतलं बाष्प आणि ऑइल मिळून दुधाळ चिखल होतो आणि तो पाइपात साठतो. वाट बंद झाली की वायू दुसरी वाट शोधतो. सगळ्यात सोपी वाट असते कडक झालेलं टॅपेट पॅकिंग.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती न करता कव्हर उघडणाऱ्याला मी अर्धवट काम करणारा म्हणतो. इंजिन गरम, आयडलला. ऑइल भरायचं झाकण सावकाश काढा. काही इंजिनांत तिथून शिंतोडे येतात, तेव्हा तोंड भोकाच्या वर धरू नका. भोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी किंवा रबरी हातमोजा अलगद पसरा, कडेने धरून ठेवा म्हणजे आत ओढला जाणार नाही. किंचित आत ओढला गेला तर ठीक आहे. फुग्यासारखा वर आला तर दाब साठतोय. आणि झाकणच काढताना घट्ट ओढून धरल्यासारखं वाटलं, सोबत शिटी किंवा घुमल्यासारखा आवाज आला, तर पीसीव्हीतला रबरी पडदा फाटलाय आणि इनटेकचं पूर्ण व्हॅक्यूम क्रँककेसमध्ये शिरलंय. त्यात हवा जास्त जाते, म्हणून बऱ्याचदा पी ०१७१ हा लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) कोडही सोबत असतो. डिझेल इंजिनात झाकणातून थोडी फुसफूस येणं नेहमीचं आहे, तिथे पेट्रोलचा निकष लावू नका.

पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवून खुळखुळ वाजला म्हणजे चांगला, असं सांगतात. वाजत नसेल तर बहुधा खराब, हे खरं. वाजतोय म्हणून चांगलाच, असं मात्र नाही, आतलं स्प्रिंग थकलेलंही असतं. पाइप पिळून बघा, जुने पाइप बोटात तुकडे होऊन येतात. व्हॉल्व्ह आणि पाइप नवे टाकूनही हातमोजा फुगत असेल, तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट (सिलिंडर दाब किती धरतो त्याच्या तपासण्या) करून घ्या. रिंगा झिजलेल्या इंजिनावर महागडं पॅकिंग घालणं म्हणजे फुटक्या छपराखाली रंगकाम. दाब फारच असला की डिपस्टिक आपोआप वर सरकलेली सापडते. तेवढी खूण दिसली तरी मी सावध होतो.

हे सगळं पार झालं की मग काम. पूर्ण गार इंजिनावर करायचं. जुन्या गाडीत कनेक्टरच्या प्लॅस्टिकच्या जिभा ठिसूळ असतात, ओढू नका, दाबून सोडवा. कव्हर उचलण्याआधी त्याच्या कडेला साठलेली माती ब्रश आणि हवेने पूर्ण साफ करा. ती कॅमवर पडली तर थेट सम्पमध्ये (इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या टाकीत) पोचते. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवतो. कव्हर सुटत नसेल तर आधी बोल्ट परत मोजा, अर्ध्या वेळा वायरिंगखाली एक राहिलेला असतो. मग रबरी हातोड्याने कडेला टकटक. पॅकिंगच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलंत तर त्या ओरखड्यातून पुढची गळती होणार.

कव्हर निघालं की घाई करू नका, जुनी गाडी घेतलेल्याला ही फुकटची तपासणी आहे. आतला धातू सोनेरी-तपकिरी दिसला तर आधीच्या मालकाने ऑइल बऱ्यापैकी वेळेवर बदललंय. काळा, पेस्टसारखा थर कोपऱ्यांत साचलेला असेल तर नाही. तसं असेल तर जोरदार फ्लश मारू नका, सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. पुढचे दोन-तीन ऑइल बदल लवकर लवकर करा, हळूहळू निवळतं. कॅमच्या उंचवट्यावर बोट फिरवा, खड्डे किंवा ओरखडे जाणवतात का. चेन असेल तर तिच्या प्लॅस्टिक गाइडला तडा आहे का तेही बघा.

साफसफाईत सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जायलाच हवा. चेनच्या पोकळीत आणि ऑइल खाली जायच्या भोकांत स्वच्छ, धागे न सुटणारी कापडं कोंबा, किती कोंबली ते मोजा. हेडची कड प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरने खरवडा. ड्रिल मशीनवरची खरखरीत चकती तिथे अजिबात चालवू नका. तिची पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते, आणि ते कळतं तेव्हा इंजिन ठोकायला लागलेलं असतं. क्लीनर कापडावर घेऊन पुसा, हेडवर फवारू नका. कड इतकी कोरडी हवी की पांढरं कापड फिरवलं तर डाग येता कामा नये.

कव्हरची खोबणीही तशीच साफ करा आणि सरळ पट्टी ठेवून कव्हर वाकलंय का बघा. प्लॅस्टिकची कव्हरं उष्णतेने वाकतात, बोल्टाच्या भोकाजवळ बारीक तडे जातात. अशा कव्हरला कितीही चांगलं पॅकिंग घाला, गळणारच. कित्येक गाड्यांत पीसीव्हीचा पडदा कव्हरमध्येच बांधलेला असतो, तिथे पडदा गेला की सरळ पूर्ण कव्हर बदलणं शहाणपणाचं.

पॅकिंगसोबत प्लगच्या नळीची सीलं आणि बोल्टाखालचे रबरी वॉशरही नवे घ्या. ते वॉशरच कव्हर खाली दाबतात, ते कडक झाले असतील तर नुसतं पॅकिंग बदलून उपयोग नाही. रबराचं पॅकिंग कोरडंच बसवायचं, ना ग्रीस, ना ऑइल, ना सगळीकडे सिलिकॉन. सिलिकॉन फक्त सांध्यांच्या कोपऱ्यांत: जिथे टायमिंग कव्हर हेडला मिळतं आणि पुढच्या कॅम कॅपची पायरी असते तिथे. करंगळीच्या अर्ध्या नखाएवढा ठिपका पुरतो. ऑक्सिजन सेन्सरला चालणारं सिलिकॉन घ्या. ज्याने सगळीकडे जाड वळी फिरवलीय त्याची अर्धी वळी आत दाबली जाते, तुटते आणि पंपाच्या जाळीपर्यंत जाते. बाहेर ओघळलेलं सिलिकॉन दिसलं की मला आत ओघळलेलं आधी आठवतं.

सिलिकॉनवर साय धरण्याआधी कव्हर सरळ वरून खाली ठेवा, सरकवू नका. कापडं मोजून बाहेर काढली ना, ते त्याआधी बघा. ठेवल्यावर परत मोबाइल मागे सोडून बघा, पॅकिंग खोबणीतून निसटून लोंबत तर नाही ना. कामं परत येण्याचं हे पहिल्या नंबरचं कारण आहे. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग मधून बाहेर, आलटून पालटून, दोन फेऱ्यांत आवळा. हे बहुतेक एम ६ बोल्ट असतात आणि टॉर्क साधारण ८ ते १२ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. चाकाच्या नटांचा मोठा टॉर्क रेंच इथे कामाचा नाही, इतक्या कमी टॉर्कला तो वाजेपर्यंत बोल्ट तुटलेला असतो. पाव इंची छोटा रेंच लागतो. एखादा बोल्ट फिरतोच आहे आणि रेंच वाजत नाही, तर तिथेच थांबा. आटे चाललेत. थ्रेड इन्सर्ट (भोकात बसवायचे नवे धातूचे आटे) घालून घेतलं तर ती जागा आधीपेक्षा मजबूत होते, पण तुटलेला बोल्ट काढत बसायची वेळ आली की दिवस गेला. सिलिकॉनच्या ट्यूबवर वाळायला जेवढा वेळ लिहिलाय तेवढा दिल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

सगळी इंजिनं इतकी सरळ नसतात. आडव्या बसवलेल्या व्ही ६ मध्ये फायरवॉलकडचं कव्हर काढायला बहुधा इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. बॉक्सर इंजिनात कव्हरं दोन्ही बाजूंना खाली असतात, ऑइल सरळ एक्झॉस्टवर पडतं. कॉमन रेल डिझेलमध्ये काही ठिकाणी इंजेक्टर कव्हरमधून जातात. त्या पाइपात चालू इंजिनाला हजार बारपेक्षा जास्त दाब असू शकतो, तिथे घरी हात घालू नका.

तुमच्या गाडीला टायमिंग बेल्ट असेल तर त्याचं वरचं झाकण सोडवून एकदा आत बघाच. कव्हरच्या पुढच्या कोपऱ्यातून किंवा कॅम सीलमधून कोरड्या बेल्टवर ऑइल पोचलं असेल तर बेल्ट पुसून चालवायचा नाही, बदलायचा. ऑइल पिऊन फुगलेल्या बेल्टचे दात सुटतात, आणि बऱ्याच इंजिनांत त्यानंतर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. वास आणि ओल यांच्यासाठी मी तुम्हाला धीराने घ्या म्हणेन, बेल्टसाठी नाही. दुसरी तातडीची गोष्ट म्हणजे बॉनेटमधून दिसणारा धूर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर ऑइल टपकत असेल तर ती गाडी रोज चालवण्याची नाही.

तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून माझा संशय टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यावर आहे, पहिला मेकॅनिक बहुधा बरोबर आहे. तिसऱ्याने आवळलेल्या बोल्टांचे आटे शाबूत आहेत का, ते खोलताना बघायला सांगा. काम झाल्यावर पहिले तीन-चार दिवस वास येतच राहील, एक्झॉस्टच्या पत्र्यावर बसलेलं जुनं ऑइल जळून संपायला तेवढा वेळ लागतो. शंभरेक किलोमीटरनंतर मागच्या कोपऱ्यावर कोरडा टिशू फिरवा. बोल्ट परत आवळू नका, फक्त टिशू फिरवा. आठवड्यानंतरही वास असेल आणि टिशू कोरडा असेल, तर ऑइल फिल्टरच्या हाउसिंगपासून परत शोध सुरू करा.